यादीबाहेरचा आंबा

"म्याडम, ह्यो आंबा बगा ना. फांदीतून भुसा गलतोय," हिराबाई म्हणाली.

मी फॉर्ममधून डोकं वर काढलं नाही. "त्याला नंबर आहे का?"

"नाय."

"मग आधी नंबरची झाडं संपवू."

मुलांनो, नंबर कसले ते सांगते. न्हावा शेवा बंदरात परदेशातून येणारा माल लाकडी पॅलेटवर, म्हणजे फळ्यांच्या चौकटीवर, ठेवलेला असतो. त्या लाकडात कधी कधी बारीक भुंगेरे असतात. ते इथल्या झाडांत शिरले तर झाड आतून वाळतं. नोकरीत मी बंदरावर हेच लाकूड तपासत असे. रिटायर झाल्यावर आम्ही काही व्हॉलंटिअर पनवेलजवळच्या जंगलात हे भुंगेरे शोधू लागलो. ठरावीक झाडांना नंबरचे बिल्ले बांधले. दर महिन्याला तीच झाडं पाहायची, म्हणजे फरक कळतो. ही पद्धत माझी होती आणि मला तिचा अभिमान होता.

हिराबाई जंगलाच्या कडेच्या कातकरवाडीतली. आम्हाला वाट दाखवायला यायची. तो आंबा तिच्या झोपडीमागे होता. सासूने लावलेला. वीटभट्टीचं काम संपलं की त्याच्या कैऱ्या पनवेलच्या बाजारात विकून तिचे पावसापर्यंतचे दिवस निघत.

पुढच्या महिन्यात तिने पुन्हा थांबवलं. "आता भोकं पन पडली. टाचनीवानी."

आमच्यातला मिलिंद नवीन पनवेलला राहणारा इंजिनिअर. तो म्हणाला, "मॅडम, शेऱ्यात लिहून ठेवू का?"

"यादीबाहेरची झाडं घेत बसलो तर डेटा बिघडेल, मिलिंद."

हिराबाई हसली. "नंबर नाय त्याला रोग पन व्हनार नाय, असंच ना म्याडम?"

सगळे हसले. मीही हसले, आणि तिच्या कुंपणाला टेकवलेली पिशवी उचलून पुढे निघाले.

तिसऱ्या महिन्यात नंबर असलेल्या एका झाडावर तशीच भोकं दिसली. मी त्याच दिवशी फोन केला. कीटकांचे जाणकार एक साहेब आले. त्यांनी साल सोलली, भुंगेरा डबीत घेतला आणि विचारलं, "जवळपास बाहेरचं लाकूड आलंय का?"

तेव्हा मी हिराबाईचं कुंपण पहिल्यांदा नीट पाहिलं. कळंबोलीच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या पॅलेटच्या फळ्या होत्या. लाकूड भट्टीत तापवून कीड मारली असेल, तर पॅलेटवर तसा शिक्का असतो. इथे एकाही फळीवर शिक्का नव्हता. असं लाकूड मी नोकरीत कधी पास केलं नव्हतं.

साहेबांनी आंब्यावर हात फिरवला. "हे कधीपासून?"

हिराबाई माझ्याकडे बघत राहिली.

"दोन महिने तरी," मी म्हणाले. "हिने दोनदा सांगितलं होतं. मी पाहिलं नाही."

"तेव्हा कळलं असतं, तर कदाचित दोन-चार फांद्या तोडून भागलं असतं, मॅडम."

आंबा तोडला. आजूबाजूची अकरा झाडंही गेली. कीड पसरू नये म्हणून लाकूड जागेवरच जाळलं. कुंपणही जाळलं. हिराबाई आगीपासून लांब, दारात बसून होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "चुकलं माझं, हिराबाई."

"तुमी कामात व्हत्या," ती म्हणाली.

यादी केली की यादीबाहेरचं दिसेनासं होतं. नोकरीत हे मी नव्या लोकांना बजावत असे. फॉर्ममध्ये आता सर्वांत वर एक रकाना आहे: 'वाडीतल्या लोकांनी काय सांगितलं?'

हिराबाई अजून आमच्याबरोबर येते. वाट दाखवते, विचारलं तेवढं सांगते. आपणहून काही बोलत नाही. रकाना रिकामाच आहे.