नागरत्नाक्काचा नुसता दोरा

नागरत्नाक्का दिसायला गरीब गाय. पण तिच्या वाटेला जाणाऱ्याची खैर नसते, हे मी शेजारी राहून पाहिलंय. देवराज मोहल्ल्यातल्या वडिलांच्या शिवणाच्या दुकानात ती दिवसभर ब्लाउज शिवायची आणि संध्याकाळी शेषगिरीच्या ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवायची.

एकदा तिने जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही उघडून सिंथेसायझरची वायर त्यात जोडली. पडद्यावर नुसती आडवी रेघ उरली. सूर वाजला की रेघ नाचायची, सूर बदलला की नक्षी बदलायची. अक्काने त्या नक्ष्यांना शिवणातलीच नावं दिली. खालचा सूर म्हणजे धावदोरा, चढा म्हणजे काजाचा दाट टाका, सूर सरकवला की साखळी. आमच्या गल्लीतल्या पोरीबाळींनाही ती पाठ होती.

शेषगिरीने हा टीव्ही स्टेजवर ठेवला आणि लोक खुळावले. मग टाळ्यांची हाव सुटली त्याला. तालमीत अक्काचं वाजवणं गुपचूप टेप करून मेल्याने सांगितलं, "स्टेजवर बाईचं काय काम, अक्का? तुम्ही मागे बसून टीव्ही तेवढा बघा." टीव्हीची वायरही टेपला लावायला लावली. टेप वाजायची आणि हा स्पीकरची वायर काढलेल्या मुक्या सिंथेसायझरवर हवेतच बोटं नाचवायचा.

माझं डोकं फिरलं. "सोड तो ऑर्केस्ट्रा," मी म्हटलं.

"सुम्ने, उगीच सोडू काय? थांब स्वल्प," अक्का म्हणाली.

गणपतीचा मंडप गच्च भरला होता. अक्काने टीव्हीची वायर टेपमधून काढली आणि पहिल्यासारखी सिंथेसायझरला जोडली. गाणं सुरू झालं. शेषगिरी डोळे मिटून डुलतोय, सूर कसे गोड, आणि पडद्यावर रेघ सरळच्या सरळ! कुजबुज ऐकून त्याने मागे पाहिलं आणि घाबरून खरंच पट्ट्या बडवल्या. पडद्यावर नुसता गोंधळ माजला. गाणं मात्र शांतपणे चाललेलं.

"अय्यो, हा तर गुंता!" पुढच्या रांगेतल्या भवानीबाई ओरडल्या. शेषगिरीने चटका बसल्यासारखे हात उचलले. गाणं चालूच राहिलं. मग जो हशा पिकला! मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

तो धावत स्टेजमागे अक्काकडे आला. "अक्का, मान राखा माझा. या, स्वल्प वाजवा की."

"स्टेजवर बाईचं काय काम?" अक्का म्हणाली. तिने टेपमधून आपली कॅसेट काढून पिशवीत टाकली आणि घरी निघाली. टीव्ही तेवढा तिने मुद्दाम चालू ठेवला. पडद्यावर नुसता सरळ दोरा.