व्रणाखालचा तीळ

प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंची एक खोड होती. मनाला पटल्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही, मग समोर कोणी का उभा असेना. घरी नवरा म्हणायचा, "दूध उतू गेलं म्हटलं तरी ही आधी पातेलं बघून येते."

त्या दिवशी समोर सर्जन उभे होते. एका तरुण मेकॅनिकच्या डोळ्याखालचा तीळ पसरत चालला होता. त्याचा तुकडा बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली होता.

"मॅडम, उघड कॅन्सर आहे, मेलानोमा. उद्याच ऑपरेशन करतो. खालची पापणीही काढावी लागेल."

"वरवर तसंच दिसतं. पेशी वेड्यावाकड्या पसरल्यात. पण जरा खाली बघा."

खाली तंतूंचा आडवा पट्टा होता, जुन्या जखमेचा व्रण. त्याच्याखाली तिळाच्या पेशी गुण्यागोविंदाने नांदत होत्या, जितकं खोल जावं तितक्या लहान होत गेलेल्या. साधा तीळ असाच वागतो. कॅन्सरच्या पेशी खोल गेल्या तरी दांडगाई सोडत नाहीत. शिवाय वरचा गोंधळ व्रणाच्या कडेपलीकडे गेलाच नव्हता.

"हा तीळ आधी कोणीतरी काढायला गेलंय. अर्धवट राहिलेला पुन्हा उगवला की असं सोंग आणतो."

"मी विचारलं. तो नाही म्हणतो."

"मग मी विचारते."

मेकॅनिक आईबरोबर आला.

"तिळाला काय लावलं होतंस?"

"काही नाही."

"पापणी जाईल. खरं सांग."

त्याने चोरून आईकडे पाहिलं. "गॅरेजात सगळे 'टिकली' म्हणून चिडवायचे. बॅटरीतलं ॲसिड लावलं काडीने. खपली पडली, मग परत आला."

"अरे कार्ट्या! मला म्हणालास, सायलेन्सरचा चटका बसला!"

"तू मारलं असतंस."

"आता सोडेन असं कोणी सांगितलं?"

बाईंना हसू आलं. पण नुसत्या कबुलीवर त्या थांबल्या नाहीत. तुकड्याचे आणखी खोल काप करून घेतले आणि एकेक डोळ्यांखालून घातला. व्रणाखाली एकही पेशी दुभंगताना सापडली नाही; कॅन्सर असता तर खोलवरही त्या दुभंगत राहिल्या असत्या.

"उद्या चूक निघाली तर?" सर्जन म्हणाले.

"सही माझी आहे. उरलेला तीळ तेवढा काढा, पापणीला हात लावू नका. आणि त्याला तपासणीला बोलावत राहा."

त्यांनी सही केली. बाहेर आई लेकाला बजावत होती, "यापुढे बॅटरीतलं बॅटरीतच राहू दे."