धाकट्याचा सिग्नल

गल्लीत त्याला सगळे ‘एरियल’ म्हणत. पोटापाण्यासाठी तो दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करी, पण ते दिवसा. अंधार पडला की हा गृहस्थ गच्चीपासून पाण्याच्या टाकीपर्यंत ताणलेल्या तारेच्या जिवावर, हौशी लोकांच्या हॅम रेडिओवरून, अख्ख्या जगाशी बोलायला बसे. बायकोशी बोलायला मात्र सवड नसे. त्या तारेवर तिने एकदा चादर वाळत घातली, तेव्हा तो जेवढा बोलला तेवढा उभ्या संसारात बोलला नसेल.

खालच्या बँडचं, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या रेडिओलहरींचं, शास्त्र तो कुणालाही समजावून सांगे, समोरच्याने विचारलेलं नसलं तरी. दिवसा उन्हामुळे आकाशात एक थर तयार होतो, तो या लहरी गिळून टाकतो. रात्री तो विरतो, मग त्याच्या वरचा थर लहरी खाली परतवतो आणि समुद्रापलीकडचा माणूस शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो. फक्त थंडीच्या रात्री कधीकधी लहरी जवळच्या गावांना टाळून थेट लांब जाऊन पडतात.

हे शेवटचं वाक्य त्याच्या फार कामाचं होतं. बसने दोन तासांवर राहणारा त्याचा धाकटा भाऊही रेडिओवाला. दोघांचं नातं उरलं होतं ते या रात्रीच्या गप्पांपुरतंच. थंडी सुरू झाली आणि धाकट्याचा आवाज येईनासा झाला.

“हवा खराब आहे,” एरियलने जाहीर केलं.

“मग फोन लावा की,” बायको म्हणाली.

“फोन कुणीही लावतं.”

थंडी सरली. आता दोष कुणाला द्यायचा? पण उन्हाळ्यात दूरवरच्या विजांची खरखर मदतीला धावून आली. मनातून मात्र तो घाबरला होता. धाकटा रागावला तर नसेल? रागावला असेल तर या जगात आपलं म्हणावं असं आणखी होतं कोण?

शेवटी एका दुपारी बायकोनेच जावेला फोन लावला आणि त्याच्या हातात दिला.

“भाऊजी, सेट कपाटावर टाकलाय,” जाऊ म्हणाली. “त्यांना ऐकू येत नाही आता. आधी एक कान गेला, मग दुसरा.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं की! मी शेजारीच बसले होते. ते म्हणाले, ‘दादा, मला ऐकू कमी यायला लागलंय.’ तुम्ही म्हणालात, ‘तुझा आवाज पाच-नऊ, एकदम झकास!’ दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा पाच-आठ दिलेत.”

पाच-नऊ म्हणजे आवाज किती स्वच्छ, किती जोरदार, याचे पैकीच्या पैकी मार्क. एरियलला ती रात्र आठवली. काय सुरेख सिग्नल होता! आवाजातला खर्ज आठवला, मागची शांतता आठवली. धाकटा काय म्हणाला ते तेवढं आठवेना. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“द्या त्याला फोन,” तो कसाबसा म्हणाला.

“काय उपयोग? तुम्ही या. समोरच्याचं तोंड बघून त्यांना थोडंफार कळतं.”

तासाभरात दोघं बसमध्ये होती. एरियल खिडकीच्या काचेत बघून तोंड वेडंवाकडं करत होता. बायकोने विचारलं, “हे काय चाललंय?”

“नीट बघून सांग,” तो म्हणाला. “‘कसा आहेस’ म्हणताना माझे ओठ बरोबर हलतात ना?”