दोघांची सही

शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘मशीनवाले दादा’ म्हणत. खांद्याला पत्र्याची पेटी, पेटीत पान्हे, तेलाची कुपी, सुयांच्या डब्या. कपड्यांच्या तीन कारखान्यांत त्याची रोजची फेरी असायची आणि मधल्या वेळात घरगुती मशिनी. त्याचं नाव होतं ते दोन गोष्टींसाठी. हात सफाईदार आणि तोंड खरं. नुसती सुई वाकलेली असेल तर तो सुईच बदलायचा. ‘अख्खं शटल गेलंय’ अशी थाप त्याने जन्मात कुणाला मारली नव्हती. याचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान तो फारसा लपवायचाही नाही.

त्याला एकुलती एक मुलगी. दिवसभर घरभर फिरत असायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. समोरच्याच दारात शिवणकाम करणारी ताई आपल्या मुलीला घेऊन राहायची. ती मुलगी म्हणजे माऊ. माऊ पोटात असतानाच तिचा बाप घर सोडून गेला होता. भिंगरी आणि माऊ एका वयाच्या, दोघींना पहिलीत घालायचं होतं आणि दोघींचा दिवस जिन्यात संपायचा.

टेकडीवरच्या शाळेचं तेव्हा सगळ्यांनाच वेड लागलेलं. मोठं ग्रंथालय, प्रयोगशाळा, मुलांना नाव घेऊन हाक मारणाऱ्या शिक्षिका. जागा चाळीस. अर्ज कितीही येवोत, चिठ्ठ्या टाकायच्या आणि निघेल त्याचं नशीब. दादाने पहिल्याच दिवशी अर्ज भरला. त्या संध्याकाळी ताईने त्याला जिन्यात गाठलं.

“दादा, तुम्ही जाऊन आलात ना शाळेत? मीही भरू का माऊचा अर्ज? काय काय लागतं?”

काय लागतं ते अर्ध्या मिनिटात सांगून झालं असतं. जन्माचा दाखला, पत्त्याचा पुरावा, एका पालकाची सही. पण त्याच्या डोळ्यांसमोर ती चिठ्ठ्यांची बरणी आली. आणखी एक चिठ्ठी. तीही समोरच्याच दारातली. उद्या माऊचं नाव निघालं आणि भिंगरीचं नाही, तर रोज सकाळी हाच जिना उतरायचा कसा?

“ताई, आई-वडील दोघांची सही लागते हो,” तो म्हणाला. “त्यात ते फार कडक आहेत.”

ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “हो का. मग राहिलंच म्हणायचं.” आणि आत गेली.

तो घरी आला, हात धुतले, जेवला. मनात कुठेतरी खुपत होतं, पण त्याने स्वतःची समजूत घातली: आपल्या पोरीसाठी माणूस एवढं तरी करतोच.

सोडतीच्या दिवशी शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. अर्ज आले होते चारशे बारा. स्टेजवर काचेची मोठी बरणी, बाजूला मुख्याध्यापिका आणि खडू घेऊन फळ्याजवळ उभा असलेला कारकून. भिंगरीचा नंबर दोनशे सात. तो नंबर दादाने इतक्यांना सांगून ठेवला होता की कारखान्यातल्या मुकादमालाही पाठ झाला होता.

नंबर निघत गेले. ज्याचा निघेल त्याने पुढे जाऊन लगेच सही करायची. सतराव्या नंबराला एक बाई मुलाला कडेवर घेऊन पुढे गेली. एकटीच. कारकुनाने विचारलं, “वडील?” ती म्हणाली, “नाहीत.” कारकुनाने रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. “इथे करा. एक सही पुरते.”

दादाच्या बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“अहो, दोघांची लागते ना? ताई तर मला म्हणाली, तुम्हीच सांगितलंत म्हणून.”

तो समोर फळ्याकडे बघत राहिला. बायकोला आणखी विचारावं लागलं नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, नवऱ्याची मान तिला वाचता येत होती.

“चारशे बारा,” ती हळूच म्हणाली. “चारशे तेरा झाले असते. एवढ्यासाठी?”

चाळिसावा नंबर निघाला. प्रतीक्षा यादीचे वीस निघाले. दोनशे सात काही निघाला नाही. भोवती लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. ही दोघं मात्र एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून बाहेर पडली.

घरी भिंगरीने विचारलं, “माझा नंबर आला?”

“नाही गं राणी,” आईने सांगितलं.

“मग मी हरले?”

“तू कशाला हरशील?” आई म्हणाली आणि दादाकडे न बघता स्वयंपाकघरात निघून गेली.

तासाभराने दार वाजलं. ताई आली होती, हातात एक नवंकोरं दप्तर घेऊन. निळं कापड, आत दोन कप्पे, पट्ट्यांना दुहेरी शिलाई. “वहिनी, कळलं मला. मनाला लावून घेऊ नका. शाळा कुठलीही असो, दप्तर तर लागतंच ना? माऊलाही असंच शिवलंय.” मग दादाकडे वळून म्हणाली, “तुम्ही वेळेवर सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर मीही अशीच आशा लावून बसले असते.”

धरणीने पोटात घ्यावं असं त्याला झालं. “दप्तर छान झालंय,” एवढेच शब्द तोंडातून निघाले. ती गेल्यावर बायकोने दप्तर खुंटीला अडकवलं आणि म्हणाली, “तुम्ही सांगणार की मी सांगू?”

दोन दिवस त्याने टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी दुपारी मुली अंगणात खेळत असताना तो समोरच्या दारात जाऊन उभा राहिला. ताई मशीनवर बसली होती, पडद्याचं लांबलचक कापड सुईखालून सरकत होतं.

“ताई, सही एकाचीच लागत होती. मला माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो.”

तिचे पाय थांबले. मशीन आणखी दोन टाके घालून गप्प झालं.

“त्या दिवशी घरात आल्यावर मी काय केलं, माहीत आहे?” तिने विचारलं. “माऊच्या बापाला फोन लावला. सहा वर्षांत एकदाही लावला नव्हता. पोरगी आजारी पडली तेव्हा नाही, मशीन बंद पडून घरी बसले तेव्हा नाही. त्या दिवशी लावला. म्हटलं, पाया पडते, फक्त एक सही कर. तो हसला, दादा. म्हणाला, आली ना शेवटी माझीच गरज?”

दादाला वाटलं होतं, ती चिडेल, ओरडेल, दार आपटेल. त्याची त्याने तयारी केली होती. याची नव्हती केली.

“मला माफ करा,” तो कसाबसा म्हणाला.

“एक सांगा. भिंगरीचा नंबर निघाला असता, तर आला असतात का हे सांगायला?”

खोटं बोलणं सोपं होतं.

“नाही,” तो म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली. “आता जा. मला आज हे पडदे द्यायचेत.”

पुढे दोन्ही मुली पाण्याच्या टाकीजवळच्या साध्या शाळेत जाऊ लागल्या. पहिल्या दिवशी दादा चपला घालू लागला तर बायको म्हणाली, “तुम्ही राहू द्या. मी आणि ताई जातोय.” भिंगरी महिनाभरात टेकडीवरची शाळा विसरून गेली. बायकोही हळूहळू बोलायला लागली, आधी मिठा-तेलापुरतं, मग थोडं जास्त. ताईने मात्र मशीन दुसऱ्याकडे दुरुस्तीला द्यायला सुरुवात केली. कारखान्यात कुणी “दादा म्हणजे खऱ्याचा माणूस” असं म्हणालं की तो काम नसतानाही पेटी उघडून पान्हा शोधायचा.

वर्षभराने टेकडीवरच्या शाळेत दुसरीच्या चार जागा निघाल्या. दादा त्याच दिवशी अर्धी सुट्टी घेऊन गेला, दोन अर्ज आणले आणि एका कागदावर सगळं ठळक अक्षरात लिहिलं. तारीख, कागदपत्रं, खिडकी कोणती, एका पालकाची सही. तो कागद आणि माऊसाठीचा अर्ज त्याने ताईच्या हातात दिला.

तिने कागद शेवटपर्यंत वाचला. “उद्या मी खिडकीवर जाऊन विचारून घेते,” ती म्हणाली.

“विचाराच,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आणि त्याची बायको दोघी मिळून गेल्या, अर्ज भरून आल्या. सोडतीलाही दोघीच गेल्या. चारांत ना भिंगरी निघाली, ना माऊ. दुपारी जिन्यातून दोघींचे आवाज वर येत होते. मुख्याध्यापिकेच्या हातून म्हणे बरणीचं झाकणच निघेना, शेवटी कारकून बरणी गुडघ्यांत धरून झाकण ओढत बसला, आणि ते सांगताना दोघींना हसू आवरत नव्हतं. दादाने दार उघडलं तेव्हा ताई अजून हसतच होती. त्याला बघताच तिने ओठ मिटले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आपल्या दाराचं कुलूप उघडू लागली.