नऊ तासांवरचं लंडन

"बंबई ते लंडन, नवच तास!" असं म्हणून तो चुटकी वाजवायचा. जणू विमान याच्याच अंगणात उभं होतं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आमच्या वाट्याला हा आला होता, भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला, फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, भिंतीला भिंत लागून.

ऐंशी सालाच्या आसपास त्याचा मुलगा लंडनला नोकरीला लागला आणि याला अंतरांचा रोगच जडला. साडेचार हजार मैल, हे तो दुधवाल्यालाही ऐकवायचा. तास कधी नऊ, कधी साडेआठ. ऐकणारा जितका भोळा तितकं विमान जोरात. स्वतःला मात्र फॅक्टरीच्या बसमध्ये खिडकी मिळाली नाही तर मळमळायचं.

त्याची म्हातारी आई जवळच्याच अड्याळ गावी, त्याच्या धाकट्या भावाकडे राहायची. तिकडे हा वर्षानुवर्षं फिरकत नसे. विचारलं की म्हणे, "भंडाऱ्याले गाडी बदलवा लागते ना, भाऊ. कोन एवढा तरास घेते?" बढाईखोरांचा मला मुळातच तिटकारा, त्यात हा.

एका दिवाळीनंतर मुलगा लंडनहून घरी आला. म्हातारीचा निरोप आला, नव्या धानाचे पोहे कुटले आहेत, नातवाला घेऊन ये. त्यांच्या घरची रीत अशी, की नव्या धानाचा पहिला घास थोरल्या नातवाचा. मग बाकीच्यांनी खायचं. "त्यानं खाल्ल्याबिगर मी तोंडात घालत नाई," असंही तिने कळवलं होतं.

आणि हा काय करत होता? मुलाला क्वार्टरोक्वार्टरी फिरवत होता. "सांग ना यायले, विमानात जेवाले काय काय देते!" पोरगा बिचारा ओशाळून जायचा. न राहवून मी म्हटलं, "भाऊ, सकाळी अड्याळला गेलात तर संध्याकाळी परत याल."

"रस्ता लय खराब हाय. पुढच्या खेपेले पाहू."

मुलगा एका सकाळी लंडनला परत निघाला. त्याच दुपारी म्हातारी आली, एकटी, भंडाऱ्याला गाडी बदलून, हातात पोह्यांचं गाठोडं घेऊन. दारातच बसली.

"कुठी हाय माहा बाबू?"

"सकाळीच गेला." तिचा चेहरा पाहून तो घाईघाईने म्हणाला, "पन दूर नाई, माय. नवच तास लागते."

म्हातारी खुलली. "नवच तास? मंग उद्या येईनच ना वापस. थांबीन मी. पोहे खराब नाई होत."

हसू आवरून मी माझ्या दारातून त्याच्याकडे पाहिलं, तर तो खाली बसला होता.

"नाई येत, माय," तो म्हणाला. "लय दूर हाय."

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच त्याची कीव आली. म्हातारी उठली, म्हणाली, "मंग मले गाडीवर बसवून दे."

तो गाठोडं उचलायला वाकला. तिने ते आधीच छातीशी धरलं होतं. ती प्रवासात, तो मुलाला निरोप देण्याच्या गडबडीत, सकाळपासून दोघंही उपाशी होते, पण तिने गाठ सोडली नाही. नातवाच्या आधी मुलाला देता येत नव्हतं.