इत्यादीतल्या अनुसयाबाई

आमगावजवळच्या एका शाळेत यादोराव गुरुजींनी हयातभर निबंध तपासले. निबंधात कुणी शालेय व्यवस्थापन समितीला 'शा. व्य. स.' असं तोडून लिहिलं, की लाल पेन उठलंच म्हणून समजा. "आधी पूर्न नाव लिही, मंग खुशाल तोड," हा त्यांचा कायदा. 'इ.'ला मात्र माफी नव्हती. "इत्यादी म्हंजे आळशाचं गाठोडं! त्यात कोन बसलं, लिवनाऱ्याले तरी मालूम राहते काय?"

अशा या माणसाच्या निरोप समारंभाच्या सकाळी बायकोनं, अनुसयाबाईंनी, एकच मागितलं.

"भाषनात माझं नाव घ्याल जी. लग्नात उखान्याच्या वेळी तुमी लाजून पळाले, तवापासून नुसतं 'अवं' म्हनून राहिले."

"घेतो ना," गुरुजी म्हणाले. तेवढ्यावर बाई खूश! ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

गुरुजी माइकसमोर उभे राहिले आणि अगदी कायद्यानं वागले. शालेय व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष टेकचंदजी, मग उपाध्यक्ष, मग एकेक सदस्य, सगळे पूर्ण नावानिशी आणि हुद्द्यानिशी. घरची माणसं शेवटी घ्यायची, असा त्यांचा बेत होता. पण मसालेभाताचा वास मांडवात शिरला, मुलं चुळबुळली, आणि टेकचंदजी मोठ्यानं खाकरले. गुरुजी गडबडले.

"आणि इत्यादी सर्वांचे आभार," म्हणून खाली बसले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. अनुसयाबाईंचे हात मांडीवरच राहिले.

घरी परतताना त्या ऑटोत गुरुजींकडे पाठ करून बसल्या. संध्याकाळी गुरुजींनी भीत भीत विचारलं, "अवं, जेवत काऊन नाईस?"

"इत्यादीले भूक नाई," म्हणत त्यांनी आतून दार लावून घेतलं.

गुरुजींना ते झोंबलं. पोरांचे गुण कापताना कधी मागंपुढं पाहिलं नाही, आणि स्वतः मात्र सगळ्यात जवळचं माणूस गाठोड्यात कोंबून मोकळे! लाज वाटली त्यांना, चांगलीच वाटली. मग तरातरा अंगणात गेले आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा खड्या आवाजात ओरडले,

"अनुसया यादोराव बिसेन! सगळ्यात पैले आभार हिचे!"

शेजारच्या सुशीलाबाई हातातली बादली टाकून कुंपणाशी आल्या. मागून त्यांचे यजमानही आले.

दार उघडलं. अनुसयाबाई पदर तोंडाशी धरून उंबऱ्यात उभ्या होत्या.

"हळू बोला जी, लोक आयकून राहिले."

"आयकू दे! अनुसया यादोराव..."

"पुरे आता, जेवाले चला," त्या म्हणाल्या. "एकडाव पूर्न झालं ना? आता 'अवं' म्हटलं तरी चालते."