एकशे साठ व्होल्टची सुरेखा

सुरेखा कुठल्याही वस्तूला आधी हाताची पालथी बाजू लावायची. दाराची कडी असो, नळाची तोटी असो, नाहीतर तापाचं माणूस असो. माझ्याकडं भाड्याची खोली बघायला पहिल्यांदा आली, तेव्हा कडीला तिनं बोटांची मागची बाजू अलगद टेकवली, क्षणभर थांबली आणि मग कडी काढली. मला वाटलं, सोवळ्याओवळ्याची दिसते. विचारलं तर म्हणाली, "तसं न्हाय मावशी. करंट असला तर पालथा हात आपोआप मागं फेकला जातो. सुलटा लावला की मूठ आवळती, मग सुटत न्हाय."

मी म्हटलं, "अगं, लाकडाच्या दाराला कुठला आलाय करंट?"

"दाराला नसतो. हाताला सवय असावी."

तर ही आमच्या गावची लाइनमन. तामलवाडीच्या शेतकऱ्याची पोर, आयटीआय करून विजेच्या हापिसात लागलेली. आमचं गाव अणदूरच्या पलीकडं. पहिल्या आठवड्यात ती खांबावर चढली की बायका धुणं तसंच टाकून बघायला यायच्या आणि बापे माणसं खाली उभी राहून सल्ले द्यायची. "ती वायर धर की", "आता उजवीकडं सरक की". जन्मात ज्यांनी घरातला बल्ब बदलला नाही, ते! सुरेखा वरूनच म्हणायची, "दादा, लोड बघून बोला." झेपेल तेवढंच बोलावं, असा त्याचा अर्थ. महिन्याभरात गावात जो तो दुसऱ्याला तेच ऐकवायला लागला. माझ्या सुनेनंही मला एकदा ऐकवलं. मी दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

सामानात तिच्या एक लांब काळी पिशवी होती. मला वाटलं, खांबावर चढायचं काही असेल. तर आतून निघाली गिटार! "बँड काढायचाय मावशी, फक्त बायकांचा," म्हणाली. मी विचारलं, "वरातीत वाजवणार का?" तर म्हणे, "न्हाय, रॉकचा."

आणि काढला की तिनं. बायांचे कपडे शिवणारी नसीम ड्रमवर बसली. वीस वर्षं शिलाई मशीन मारून तिचे पाय असे तयार झाले होते की, ड्रम तिला नवा वाटलाच नाही. दूध डेअरीतली पुष्पा जाड तारांची गिटार वाजवायची आणि तोंडानं एक शब्द बोलायची नाही. गाणारी होती माझीच नात, अश्विनी, तुळजापूरला कॉलेजात जाणारी. बँडचं नाव 'थ्री फेज'. मी म्हटलं, "अगं, चौघी आहात आणि थ्री कसं?" सुरेखा पुष्पाकडं बोट दाखवून म्हणाली, "ही न्यूट्रल." थ्री फेजच्या तीन तारांसोबत एक चौथी गप्प तार असते म्हणे, ती.

म्हैस विकल्यापासून माझा गोठा रिकामा होता, तिथं तालीम चालायची. चारी भिंतींना कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, त्यामुळं आवाज बाहेर फारसा जात नव्हता. गावाचं नशीब! कारण सुरुवातीला त्यांचं गाणं म्हणजे, विंचू चावल्यावर माणूस जे करतं ते अश्विनी तालात करायची. सुरेखाकडं एक चपटा नवा डबा होता. त्याच्यावर पाय दिला की गिटारचा आवाज कधी करवतीसारखा, कधी विमानासारखा व्हायचा. शंभर आवाज होते म्हणे त्यात. मला तर सगळे एकच वाटायचे.

पण त्या डब्याला आमच्या गावचं व्होल्टेज मानवेना. संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की पंख्याची पाती मोजून घ्यावीत अशी गत. डबा लुकलुक करायचा आणि मरायचा. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात ऐन गाण्यात मेला. अश्विनीचा आ वासलेला तसाच राहिला आणि समोर बसलेल्या बायांना वाटलं, पोरीला काही झालं. एकीनं तर वाणाचा कांदा फोडून तिच्या नाकाला लावला.

दुसऱ्या दिवशी सुरेखा दगडूमामांकडं गेली. दगडूमामांचा मांडव आणि लाऊडस्पीकरचा जुना धंदा. मीही बरोबर होते.

"मामा, उठा," सुरेखा म्हणाली.

"का गं? आल्या आल्या उठा?"

"तुमी ज्याच्यावर बसलाव, ते पायजे."

मामा ज्याच्यावर बसून चहा प्यायचे, ते भोंग्याचा आवाज वाढवणारं जुनं मशीन होतं. आत जुन्या रेडिओतल्यासारखे काचेचे वाल्व असलेलं. सुरेखानं ते स्कूटीवर बांधून आणलं, पंधरा दिवस माझ्या ओसरीवर उघडून ठेवलं आणि ते काचेचे वाल्व माझ्या ज्वारीच्या सुपात मांडले. मी ओरडले, तर म्हणाली, "सूप लई कामाचं हाय मावशी, गडगडत न्हायत."

मग एका संध्याकाळी तिनं गिटारला ते मशीन लावलं. बटण दाबलं तर काहीच नाही. अश्विनी म्हणाली, "मेलं वाटतं." सुरेखा म्हणाली, "तापू दे." वाल्व लालसर व्हायला मिनिटभर लागतं. मग तिनं तार छेडली.

आता तो आवाज कसा सांगू? दूध आटवलं की भांड्याच्या तळाला खरवड धरते ना, तसा. जाड, मऊ, गोड आणि कडेला जरासा करपलेला. नसीमचा हात आपसूक हळू झाला. त्या आवाजावर किंचाळताच येईना, म्हणून अश्विनीला नाइलाजानं गावं लागलं आणि तेव्हा आम्हाला कळलं की पोरीला गळा आहे.

अश्विनी मात्र तोंड वाकडं करून म्हणाली, "ताई, हे आजीच्या लग्नातलं वाटायलंय."

"माझ्या लग्नात एवढं चांगलं कुठलं!" मी म्हटलं.

सुरेखानं टेस्टर-मीटर लावून बघितलं. "एकशे साठ," म्हणाली, "हे मशीन एकशे साठवर असं बोलतंय. ह्याला आता असंच ठेवायचं."

झालं, थ्री फेज जुन्या वळणाला लागला. गाणी त्यांची स्वतःचीच, पण ऐकणाऱ्याला वाटावं की चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुठंतरी ऐकलंय. नसीमनं जुन्या फॅशनच्या पायघोळ विजारी शिवल्या. चौघींच्या विजारींत मिळून एक मांडव झाला असता. म्हातारी माणसं तालमीच्या वेळेला गोठ्याबाहेर येऊन बसायला लागली. मोबाइलवर गाणी फिरली आणि एक वार्ताहर मुलगा वही घेऊन आला.

"आपण रेट्रो शैलीकडं का वळलात?" त्यानं विचारलं.

"व्होल्टेज कमी हाय," सुरेखा म्हणाली.

"नाही, म्हणजे त्यामागची भूमिका?"

"एकशे साठ."

पोरगा बिचारा लिहून घेत होता. छापून आलं त्यात 'मातीशी नाळ' वगैरे होतं. सुरेखानं वाचलं आणि म्हणाली, "ह्यानं लोड बघितला न्हाय."

याच सुमाराला धाराशिवच्या स्पर्धेचं बोलावणं आलं, जिल्हाभरातले बँड येणार होते. चौघी जिवाचं रान करून तालीम करायला लागल्या आणि नेमका तेव्हाच गावाला नवा मोठा डीपी मंजूर झाल्याचा कागद आला. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. गाव कितीतरी वर्षं मागत होतं, कुणी दाद देत नव्हतं. बँड निघायच्या आधी सुरेखानंच अर्जामागून अर्ज करून, हापिसात बसून बसून तो मंजूर करून आणला होता. आता तिचा आवाज होता एकशे साठ व्होल्टात आणि तिची नोकरी होती गावाला दोनशे तीस द्यायची.

अश्विनी म्हणाली, "ताई, पंधरा दिवस तो कागद दाबून ठेव. स्पर्धा झाली की बसव डीपी. एवढी वर्षं कळ काढली लोकांनी, अजून पंधरा दिवसांनी काय बिघडायलंय?"

नसीम म्हणाली, "बघ बाई, तू म्हणशील तसं." पुष्पा नेहमीसारखीच गप्प. संध्याकाळी सुरेखा माझ्यापाशी चुलीसमोर येऊन बसली. मी भाकरी थापत होते. जरा वेळानं म्हणाली, "मावशी, तुमच्या भाकरीच्या कडा का फुटतात ओ?"

मला राग आला. चाळीस वर्षं भाकरी करतेय मी! म्हटलं, "माझ्या हाताचा दोष नाही. गिरणीला जोर लागत नाही तुझ्या लाइनीतून. पीठ भरडं येतंय, त्याला मी काय करू?"

"व्हय का," म्हणाली आणि फुटक्या कडेची भाकरी चहात बुडवून खाल्ली. सकाळी उठून गेली ती ट्रॅक्टर घेऊन डीपी आणायलाच.

डीपी बसला. सरपंचांनी नारळ फोडला. माझ्या घरातला पंखा असा फिरला की भिंतीवरचं कॅलेंडर उडून देवघरात पडलं. गिरणीतून मैद्यासारखं पीठ यायला लागलं. आणि गोठ्यातल्या मशीनचा आवाज? इस्त्री केल्यासारखा ताठ झाला. खरवड गेली, नुसतं पांढरं दूध राहिलं. सुरेखानं बटणं फिरवून बघितली, तारा बदलून बघितल्या. अश्विनीनं माइक खाली ठेवला आणि म्हणाली, "आता वाजव तुझ्या गावाच्या पिठावर." तीन दिवस ती गोठ्याकडं फिरकली नाही. सुरेखा रोजच्या तालमीच्या वेळेला येऊन कडब्याच्या पेंढीवर बसायची आणि मशीन न लावताच गिटारच्या तारा दाबत राहायची. खांबावर हसत चढणारी बाई, पण त्या तीन दिवसांत माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना.

चौथ्या दिवशी कुणाचा तरी मिक्सर दुरुस्त करून तपासत होती. तिच्याकडं एक फळी असायची, तिच्यावर एक बल्ब बसवलेला. दुरुस्त केलेली वस्तू सरळ लाइनीवर लावायची नाही, आधी बल्बामागून करंट द्यायचा. बल्ब थोडं आपल्या अंगावर घेतो, वस्तूला कमी जातं. मिक्सर हळूहळू फिरायला लागला. सुरेखा त्याच्याकडं बघत राहिली आणि एकदम उठली.

"मावशी, दोनशे वॅटचा पिवळा बल्ब हाय का घरात?"

कुठला असणार! सगळ्या गावात पांढरे एलईडी. दहा-वीस घरं, दोन दुकानं पालथी घातली. शेवटी नसीमला आठवलं, तिचा दीर सलीम कोंबड्या पाळतो, त्याच्या शेडमध्ये पिल्लांच्या उबेला असले बल्ब आहेत. सलीम काही केल्या देईना. "पिल्लं गारठून मरतील, भाभी. तुमचं गाणं व्हतंय, माझी पिल्लं जातेत." शेवटी ठरलं, दिवसा बल्ब बँडचा, अंधार पडायच्या आत पिल्लांचा. आणि बल्ब जाईल तिथं सलीम जाणार.

फळीवर बल्ब लावला, त्याच्यामागून मशीन जोडलं. तापू दिलं. खरवड परत आली! मी अश्विनीला हाताला धरून ओढत आणलं. तिनं ऐकलं, सुरेखाकडं न बघता माइक उचलला आणि म्हणाली, "कुठून घ्यायचं?"

धाराशिवला आमचा नंबर दुपारी आला. आमच्या आधी पोरांचा बँड होता, लॅपटॉप लावून वाजवणारा. मग स्टेजवर सुरेखानं फळी मांडली, बल्ब लावला, बटण दाबलं. बल्ब भक्कन पेटला, मग मंद झाला. आवाज काही नाही. निवेदक म्हणाला, "कृपया सुरू करा." सुरेखा म्हणाली, "तापू द्या." निवेदकानं घड्याळ बघितलं. "बाई, वेळ जायलाय." "तापू द्या." मागून पोरं टाळ्या वाजवत ओरडायला लागली, "तापू द्या! तापू द्या!" सगळं सभागृह एका तालात. नसीमनं त्याच तालावर काठी धरली, पुष्पानं जाड तार ओढली आणि गाणं सुरू झालंसुद्धा.

गंमत अशी की, सुरेखा जोरात वाजवायची तसा बल्ब उजळायचा, हळू वाजवलं की मिणमिणायचा. गाणं डोळ्यांना दिसत होतं. लोक गाण्यावर डोलत होते आणि पहिल्या रांगेतला सलीम जीव मुठीत धरून फक्त बल्बाकडं बघत होता.

दुसरा नंबर आला. शिवाय परीक्षकांनी उत्कृष्ट प्रकाशयोजनेचं खास बक्षीस दिलं. ते घ्यायला सुरेखानं सलीमला वर पाठवलं. परतताना जीपमध्ये अश्विनीनं तो बल्ब ओढणीत गुंडाळून मांडीवर धरला. वाटेत सुरेखाला एकच विचारलं, "ताई, गचके बसायलेत, खिडकीकडं सरकू का?" तेवढ्यात सगळं आलं. दिवस मावळायच्या आत पिल्लांना ऊब मिळाली.

उन्हाळ्यात सुरेखाची बदली झाली. भूम तालुक्यात, ईटला. निघताना गाव गोळा झालं. ज्यांनी खांबाखाली उभं राहून सल्ले दिले होते, त्यांनीच तिचं सामान टेम्पोत चढवलं आणि सुरेखानं खाली उभं राहून सल्ले दिले. मशीन तिनं बरोबर नेलं. मी रडले. ती रडली नाही, पण मला दोनदा मिठी मारली, तीही सुलट्या, दोन्ही हातांनी.

महिना झाला नसेल, फोन आला. आवाजावरून वाटलं, हिला लॉटरी लागली.

"मावशी! इथं एकशे पन्नास मिळतंय! बिनबल्बाचं, अस्सल! काय बोलायलंय मशीन, काय सांगू! तिघींना घेऊन या. येत्या रविवारीच या."

मी म्हटलं, "अगं, तिघींची कामं आहेत. पुढच्या महिन्यात अश्विनीच्या कॉलेजला सुट्टी लागली की येतो. व्होल्टेज कुठं पळून जातंय?"

मग सुरेखा हळूच म्हणाली, "मावशी, डीपीचा अर्ज म्या कालच दिलाय. म्हणून तर म्हणते, रविवारीच या."